गोदाकाठ बांधण्यापूर्वी

२०२५ सालच्या सप्टेंबरअखेरीस पैठणच्या नाथसागरातून गोदावरीच्या पात्रात सोडलेले पाणी दर सेकंदाला तीन लाख घनफुटांच्या घरात गेले, आणि आपले शहर नदीकाठी वसलेले आहे ही गोष्ट नांदेडकरांस पुन्हा एकदा कळून चुकली. एरवी तिची आठवण आपणांस क्वचितच होते. वजिराबादेत अथवा शिवाजीनगरात राहणारा मनुष्य महिनोन्‌महिने नदीचे तोंड पाहत नाही. सिडकोकडे जाताना पुलावरून तिचे दर्शन घडते तेवढेच, आणि उन्हाळ्यात तेही नाकाला रुमाल लावून घ्यावे लागते. पूर आला म्हणजे मात्र हीच नदी खडकपुरा, गाडीपुरा, वसरणी या भागांत स्वतःच्या पावलांनी येते, घरांतील धान्य भिजवते, मुलांची वह्यापुस्तके घेऊन जाते आणि काही दिवसांनी मागे सरते. मग पंचनामे होतात, मदतीच्या याद्या तयार होतात, आणि शहर आपल्या कामाला लागते.

या वेळी एक फरक आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत २०२२ साली संपल्यापासून नांदेड-वाघाळा महानगरपालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होऊन तो पुन्हा लोकप्रतिनिधींकडे आला. नव्या सभागृहास काही नवे करून दाखविण्याची उत्सुकता असणे स्वाभाविक आहे, आणि नांदेडात नवे काही करावयाचे म्हटले की दृष्टी प्रथम गोदाकाठाकडेच वळते. लांबच लांब घाट, त्यांवर बगिचे, बगिच्यांत भोजनगृहे, पाण्यात नौका आणि रात्री रोषणाई असे एक चित्र आपल्या शहरातील सुशिक्षितांच्या मनात गेली कित्येक वर्षे घर करून बसले आहे. त्या चित्राखाली बहुधा साबरमतीचे नाव लिहिलेले असते. हे चित्र कागदावर उतरून त्याच्या निविदा निघण्यापूर्वीच त्यासंबंधी चार गोष्टी स्पष्टपणे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते. एकदा निविदा निघाली म्हणजे शंका काढणारा तो विकासाचा वैरी ठरतो, हा अनुभव नवा नाही.

आरंभीच सांगून टाकावयास हवे की, गोदाकाठाचा कायापालट होऊ नये असे आमचे मुळीच म्हणणे नाही. किंबहुना या शहराने नदीकडे इतकी वर्षे पाठ केली हीच एक मोठी चूक झाली. जुने नांदेड नदीकडे तोंड करून बसलेले होते. नंदगिरी किल्ल्याला गोदावरीने विळखा घातलेला आहे. गोवर्धन घाट, उर्वशी घाट, राम घाट ही नावेच शहराचा आणि नदीचा संबंध सांगतात. १७०८ साली श्री गुरू गोविंदसिंगजी येथे आले तेव्हा माधोदास बैराग्याचा आश्रम याच नदीच्या तीरावर होता, आणि त्या भेटीतून बंदा बहादूर निघाला. नगीना घाट आणि बंदा घाट ही स्थाने त्या इतिहासाची साक्ष देत उभी आहेत. सचखंड श्री हजूर साहिब येथे आजही पहाटे गोदावरीच्या पाण्याची घागर समारंभपूर्वक नेली जाते व त्या पाण्याने तख्ताचे स्नान होते. जगाच्या कानाकोपऱ्यातून येणाऱ्या लक्षावधी यात्रेकरूंच्या दृष्टीने नांदेड म्हणजे हे तख्त आणि ही नदी.

विसाव्या शतकाच्या आरंभी निजामी राजवटीत हैदराबाद-मनमाड लोहमार्ग तयार झाला आणि शहराचे तोंड हळूहळू स्थानकाकडे वळले. त्या मार्गाचे नाव गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग असे असावे हा एक विनोदच म्हणावयाचा. पुढे गिरणी आली, अडत आली, कचेऱ्या आल्या, महाविद्यालये आली. या सर्वांनी शहर उत्तरेकडे ओढले. नदीकाठी राहिले ते ज्यांना अन्यत्र जागा घेणे परवडत नव्हते ते लोक, स्मशान, धोबीघाट आणि शहराचे सांडपाणी. तेव्हा नदीचा काठ पुन्हा सर्व नागरिकांचा व्हावा, संध्याकाळी म्हाताऱ्या माणसांना तेथे बसता यावे, मुलांना पाण्यात पाय सोडता यावेत, ही इच्छा अत्यंत योग्य आहे. प्रश्न एवढाच की, ते पाणी कसले असेल, किती असेल, आणि पावसाळ्यात ते कोठे जाईल?

हा प्रयोग आपण एकदा करून पाहिला आहे. डिसेंबर २००५ मध्ये केंद्र सरकारने शहरांच्या नवनिर्माणासाठी जवाहरलाल नेहरूंच्या नावाने योजना सुरू केली. तीत बहुतेक मोठमोठी शहरे होती. आकाराने त्या पंक्तीत न बसणाऱ्या नांदेडास त्यात स्थान मिळाले ते २००८ सालच्या गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दीमुळे. पैसा आला आणि कामेही झाली. रस्ते रुंद झाले, पूल झाले, विमानतळाचे रूप पालटले, गुरुद्वाऱ्याचा परिसर मोकळा झाला, नदीवर घाट बांधले गेले. मराठवाड्यातील एखाद्या शहराचे रूप इतक्या थोड्या अवधीत इतके पालटल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही, आणि जे चांगले झाले त्याबद्दल कद्रूपणा करण्याचे कारण नाही. परंतु सोहळ्याची तारीख ठरलेली असली म्हणजे जे डोळ्यांना दिसते ते आधी होते आणि जे जमिनीखाली असते ते मागे राहते. घाटाच्या पायऱ्या तारखेच्या आत तयार झाल्या. पायऱ्यांशी येणारे पाणी मात्र पुढे वर्षानुवर्षे गढूळ आणि दुर्गंधीयुक्तच राहिले. त्या वेळी पायऱ्यांचे कौतुक करणाऱ्यांत आम्हीही होतो, हे येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल.

याचे कारण नदीच्या रचनेत आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय कोणताही आराखडा व्यर्थ आहे. शहराच्या वरच्या अंगास विष्णुपुरीचा बंधारा आहे. कै. शंकरराव चव्हाण यांच्या दूरदृष्टीतून उभ्या राहिलेल्या या प्रकल्पातून नांदेडास पिण्याचे पाणी मिळते आणि उपसा करून लोहा-कंधारकडील शेतीला ते नेले जाते. शहराच्या खालच्या अंगास मुदखेड तालुक्यात आमदुऱ्याचा उच्च पातळी बंधारा आहे. शहराचे घाट या दोहोंच्या मध्ये येतात. पावसाळा संपला की विष्णुपुरीचे दरवाजे बंद होतात, कारण ते पाणी पुढील आठ महिने पुरवावयाचे असते. म्हणजे वरून ताजे पाणी येणे थांबते, आणि खालच्या बंधाऱ्यामुळे जे आहे ते तेथेच तुंबून राहते. या साचलेल्या पाण्यात शहराचे नाले येऊन मिळतात. पाच-साडेपाच लाख वस्तीच्या शहराचे सांडपाणी जेथे पडते तेथे जलपर्णी माजणार, मासे मरून वर येणार आणि उन्हाळ्यात वास सुटणार, हे सांगण्यास कोणा तज्ज्ञाची आवश्यकता नाही. सांडपाणी शुद्ध करण्याची केंद्रे बांधली गेली हे खरे; परंतु प्रत्येक नाला त्या केंद्रापर्यंत पोहोचला पाहिजे, केंद्र बारमाही चालले पाहिजे, त्याचे विजेचे बिल भरले गेले पाहिजे. भारतातील बहुतेक नगरपालिकांचे घोडे येथेच पेंड खाते. केंद्राचे उद्घाटन करावयास मंत्री येतात, पंप जळाला म्हणजे कोणी येत नाही.

आता साबरमतीकडे वळू. अहमदाबादच्या नदीकाठाची कल्पना प्रथम १९६० च्या सुमारास निघाली, १९९७ साली त्यासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली, २००५ साली प्रत्यक्ष काम सुरू झाले आणि २०१२ पासून काठ टप्प्याटप्प्याने लोकांस खुला होत गेला. दोन्ही तीरांवर सुमारे अकरा-अकरा किलोमीटर लांबीचा हा काठ पाहून आलेला मनुष्य भारावून परत येतो यात नवल नाही. काठ स्वच्छ आहे, रुंद आहे, तेथे फिरावयास तिकीट काढावे लागत नाही. परंतु ज्या दोन गोष्टींवर तो उभा आहे त्यांची चर्चा आपल्याकडे होत नाही. पहिली अशी की, तेथे वर्षभर दिसणारे पाणी साबरमतीचे नाही. ते नर्मदेचे आहे, आणि सरदार सरोवराच्या कालव्यातून आणून तेथे सोडलेले आहे. नांदेडापाशी नर्मदा नाही. येथे एप्रिल-मे महिन्यांत घाटापाशी नौका चालवावयाच्या असतील तर पाणी विष्णुपुरीतूनच सोडावे लागेल, आणि विष्णुपुरीच्या पाण्याचा थेंब न्‌ थेंब आधीच कोणाच्या तरी नावे लिहिलेला आहे. टंचाईच्या वर्षी याच जलाशयाच्या काठच्या शेतकऱ्यांच्या मोटारींची वीज तोडण्याची पाळी प्रशासनावर येते. ज्या उन्हाळ्यात शेतकऱ्याचा पंप बंद करावयाचा त्याच उन्हाळ्यात नौकाविहारासाठी दरवाजा उघडावयाचा, हे कोणत्या तोंडाने सांगता येईल?

दुसरी गोष्ट पात्राच्या रुंदीची. अहमदाबादेस नदीच्या दोन्ही बाजूंस भिंती घालून तिचे पात्र एकसारख्या रुंदीचे करण्यात आले आणि भिंतींच्या मागे भराव टाकून सुमारे दोनशे हेक्टर जमीन निर्माण करण्यात आली. त्या जमिनीचा काही भाग विकून खर्च भागवावयाचा, ही त्या योजनेची आर्थिक बैठक आहे. योजना स्वतःचा खर्च स्वतःच काढते असे सांगितले जाते ते या अर्थाने. साबरमतीच्या पुराचा हिशेब तेथील अभियंत्यांनी केला असेल. तो बरोबर की चूक हे ठरविण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु तोच कागद गोदावरीवर ठेवून रेघा ओढणे म्हणजे एकाच्या मापाचा अंगरखा दुसऱ्याच्या अंगात कोंबणे होय, आणि येथे दुसरा अंगाने कितीतरी थोर आहे.

नांदेडाच्या पुराचे गणित थोडक्यात असे आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाची साठवण सुमारे १०२ अब्ज घनफूट. ते भरले म्हणजे नाशिक-अहिल्यानगरकडून येणारे सर्व पाणी पुढे सोडण्यावाचून गत्यंतर नसते. वाटेत माजलगावहून सिंदफणा येते. दुधना पूर्णेला मिळते, आणि येलदरी व सिद्धेश्वर धरणांचे पाणी घेऊन ती पूर्णा नांदेडच्या थोडे वर गोदावरीत येते. पैठणचे पाणी येण्यास वेळ लागतो, त्यामुळे सावध होण्यास अवसर सापडतो; पूर्णेचे पाणी तितकी सवड देत नाही. या सर्वांपुढे विष्णुपुरीची साठवण किती? सुमारे पावणेतीन ते तीन अब्ज घनफूट. दर सेकंदाला एक लाख घनफूट पाणी येऊ लागले तर हा जलाशय संपूर्ण रिकामा असला तरी आठ तासांत भरेल. तीन लाख घनफूट आले तर तीन तासही पुरणार नाहीत. आणि सप्टेंबरात तो रिकामा नसतोच. म्हणून विष्णुपुरीचे धरण आपले पुरापासून रक्षण करील ही समजूत साफ चुकीची आहे. ते पाणी पुढे जाऊ देण्याखेरीज दुसरे काही करू शकत नाही. शहराच्या उत्तरेकडून आसना वाहते व पुढे गोदावरीस मिळते. गोदावरी तुडुंब असली म्हणजे आसनेचे पाणी खोळंबते, आणि शहर दोन नद्यांच्या चिमट्यात सापडते. खाली तेलंगणातील श्रीरामसागर भरलेला असला तर नदीचा निचरा आणखी मंद होतो; धर्माबाद, बिलोली, उमरीकडील शेतकरी हे दुःख पुष्कळ वर्षे भोगीत आहेत.

अशा नदीच्या पात्रात भिंत घालून ते अरुंद करावयाचे म्हणजे पाण्याची उंची वाढवावयाची. भिंतीच्या आत जे असतील ते कदाचित वाचतील. परंतु जेथे भिंत संपते तेथील, आणि समोरच्या तीरावरील लोकांच्या घरात ते पाणी जाईल. त्यातही एक मेख आहे. भिंतीमागचे पावसाचे पाणी नाल्यांनी नदीत जावयाचे असते. नदी भिंतीला लागली की ते नाले उलटे वाहू लागतात, आणि मग भिंत असूनही वस्ती बुडते.

यावर उपाय नवा शोधावयाचा नाही. महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्याने १९८९ सालीच त्याचा नियम घालून दिला आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येण्याचा संभव असलेला पूर जेथवर पोहोचतो तेथे निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येण्याचा संभव असलेला पूर जेथवर पोहोचतो तेथे तांबडी रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध. तांबडीच्या आत ते नियंत्रित. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या, तेव्हापासून महाराष्ट्रातील प्रत्येक नगरपालिकेस नदीचे भय ठाऊक असावयास हवे होते. प्रत्यक्षात या रेषा नकाशात असतात, नकाशा कपाटात असतो आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे ते सांगता येत नाही. शंभर वर्षांतून एकदा हा शब्दप्रयोगही फसवा आहे. ऐकणाऱ्यास वाटते, आपल्या हयातीत काही ते होत नाही. वस्तुतः त्याचा अर्थ असा की, दरवर्षी शंभरात एक एवढा तो संभव असतो. तांबड्या रेषेवर घर बांधून तीस वर्षे कर्ज फेडणाऱ्या कुटुंबाचा हिशेब केला तर त्या तीस वर्षांत एकदा तरी पाणी उंबऱ्याशी येण्याचा संभव चारात एक एवढा निघतो. रेषेच्या आत जसजसे जावे तसतसा तो वाढत जातो. आणि पर्जन्यमान ज्या गतीने बिघडत आहे ते पाहता जुन्या नोंदींवर काढलेल्या रेषा आजही तेथेच असतील असे धरून चालणे धोक्याचे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात एका रात्रीत जे घडले, हसनाळसारख्या गावांत माणसे घरातच बुडाली, त्यानंतर तरी याविषयी शंका राहू नये.

नेदरलँड्स हा देश भिंती व बांध घालण्याच्या विद्येत जगाचा गुरू मानला जातो. १९९३ आणि १९९५ साली तेथे नद्यांना मोठे पूर आले. १९९५ मध्ये सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडून जावे लागले. त्यानंतर त्या देशाने काय केले? बांध आणखी उंच करण्याऐवजी अनेक ठिकाणी ते मागे घेतले आणि नदीला जागा करून दिली. नायमेगन शहरापाशी बांध साडेतीनशे मीटर मागे हटविण्यात आला व पुराच्या पाण्यासाठी एक नवा फाटा खोदण्यात आला. मध्ये जे बेट तयार झाले तेथे आज लोक हिंडतात, पोहतात. म्हणजे सौंदर्यही साधले, आणि ते नदीला जागा देऊन साधले. आपल्या घरच्या उदाहरणासाठी नाशिकला जावे. तेथे याच गोदावरीच्या पात्रात ओतलेल्या काँक्रिटखाली जुनी कुंडे गाडली गेली, आणि ते काँक्रिट पुन्हा काढून टाका असे म्हणण्याची वेळ नागरिकांवर आली.

आता माणसांचा प्रश्न. गोदाकाठच्या सखल वस्त्यांत राहणारे लोक हौसेने तेथे गेलेले नाहीत. त्यांत हमाल आहेत, मासे धरणारे आहेत, धुणी धुणारे आहेत, हातगाडी ओढणारे आहेत, आणि शहराच्या घरोघरी काम करणाऱ्या स्त्रिया आहेत. पूररेषेच्या आत कोणी राहू नये हे आम्हांस मान्य आहे. पूर त्यांच्याच घरात प्रथम शिरतो. परंतु पूररेषेचे कारण सांगून त्यांना उठवावयाचे आणि त्याच जागेवर भोजनगृहाला परवाना द्यावयाचा, असे झाल्यास त्यांनी आपणांस काय म्हणावे? रेषा एकच असावयास हवी. झोपडीसाठी जी निळी रेषा, तीच उपाहारगृहासाठी, मंगल कार्यालयासाठी आणि महानगरपालिकेच्या स्वतःच्या इमारतीसाठीही. अहमदाबादेस दहा हजारांहून अधिक कुटुंबांना काठावरून हलविण्यात आले व त्यांतील पुष्कळांना शहराच्या दूरच्या टोकांस घरे मिळाली. त्यासाठी लोकांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. नांदेडाचा स्वतःचा अनुभव याहून बरा आहे. २००५ नंतरच्या त्या योजनेत गरिबांच्या घरांचा जो भाग होता, त्यातून वस्ती असेल तेथेच पक्की घरे बांधून देण्याचे काम या शहरात मोठ्या प्रमाणावर झाले. ते निर्दोष होते असे नाही. परंतु माणसाची रोजी जेथे आहे तेथून त्याला फार दूर नेऊ नये, हे तत्त्व त्यात होते. नदीकाठच्या कुटुंबांना हलवावयाचे असेल तर त्यांच्यासाठीही शहराच्या मध्यातच जागा शोधावी. ती नाही असे म्हणता येणार नाही. उस्मानशाही मिल वर्षानुवर्षे बंद पडून आहे. शहराच्या मध्यभागाचा पुनर्विकास करावयाचा तर त्याचा आरंभ बंद गिरणीच्या जमिनीवरून करावा की वाहत्या नदीच्या पात्रातून? पहिल्या कामासाठी दिल्लीशी पत्रव्यवहार करीत बसावे लागेल, ही अडचण आम्ही समजू शकतो. नदी मात्र पत्राचे उत्तर देत नाही, म्हणून तिच्या जमिनीत शिरणे सोपे वाटते.

येथे लातूरकडील वाचक विचारतील की, या साऱ्याशी आमचा काय संबंध? नांदेड व लातूर यांचे सख्य सर्वश्रुत आहे. महसूल आयुक्तालय कोठे व्हावे यावरून दोन्ही शहरांनी एकमेकांवर जी शाई खर्च केली, तिच्यात एखादे लहान तळे भरले असते. तरीही या प्रश्नात लातूरचे म्हणणे प्रथम ऐकले पाहिजे, कारण नदी नसणे म्हणजे काय हे त्या शहरास ठाऊक आहे. गंजगोलाईभोवती सोळा रस्ते आखून बसविलेले ते शहर मराठवाड्यातील नगररचनेचा एक उत्तम नमुना आहे. पण त्याच्या मध्यातून नदी वाहत नाही. त्याचे पाणी मांजरेवरील धनेगावच्या धरणातून येते. २०१६ साली ते धरण कोरडे पडले. मार्च महिन्यात पाणवठ्यांपाशी जमाव होऊ नये म्हणून लातुरात १४४ कलम जारी करावे लागले. एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले; पहिल्या गाडीस दहा टाक्या होत्या आणि तीत पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास टाक्यांची गाडी येऊ लागली, आणि पावसाळा येऊन स्थिरावेपर्यंत तिच्या शंभरावर फेऱ्या झाल्या. ज्या घराने पंधरा-पंधरा दिवस नळाची वाट पाहिली, त्या घरातील मनुष्य नांदेडास येऊन गोदावरीत पडणारा नाला पाहतो तेव्हा त्यास काय वाटत असेल याची कल्पना करावी. आणि त्याच मांजरेला २०२५ च्या सप्टेंबरात पूर येऊन तिच्या काठची सोयाबीनची शेते पाण्याखाली गेली. नऊ वर्षांच्या अंतराने एकाच नदीने दिलेले हे दोन धडे आहेत. मराठवाड्यात पाणी कमी आहे हे अर्धेच सत्य आहे. ते येते तेव्हा फार येते, नाही तेव्हा मुळीच नसते. अशा प्रदेशात नदीकाठचा पैसा प्रथम सांडपाणी शुद्ध करून ते शेतीला व कारखान्यांना देण्यावर खर्च झाला तर पिण्याचे तितके पाणी वाचेल. हे काम नांदेडाने करून दाखविले तर लातूरही ते करील, आणि आयुक्तालयापेक्षा या चढाओढीतून दोन्ही जिल्ह्यांचे अधिक कल्याण होईल.

एक शंका आम्हांस विचारली जाते. आधी नाले, मग रेषा, मग घरे, आणि सर्वांत शेवटी घाट व बगिचे, असा क्रम धरला तर काहीच दिसणार नाही, आणि जे दिसत नाही त्याला सरकार पैसा देत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते आम्ही थट्टेवारी नेत नाही. पाच वर्षांनी मतदारांपुढे जाणाऱ्या नगरसेवकास दाखवावयास काहीतरी हवे असते. परंतु नाले बंद झाले तर त्याचा परिणाम न दिसण्यासारखा आहे काय? नगीना घाटावर स्नानास उतरणाऱ्या यात्रेकरूला तो पहिल्याच दिवशी दिसेल. पहाटे घागर भरणाऱ्याला तो दिसेल. निळ्या रेषेच्या आत झाडे, गवत, खेळण्याची मैदाने आणि दगडी पायऱ्या करता येतात. वर्षातून आठ दिवस ती बुडाली तरी कोणाचे काही जात नाही, गाळ धुऊन काढला की काम झाले. आमच्या जुन्या घाटांची रचना याच तत्त्वावर होती. त्यांना बुडावयाचे ठाऊक होते. त्यांवर कोणी काचेच्या भिंती उभारल्या नव्हत्या.

राहिला कारभाराचा प्रश्न. अशा योजनांसाठी निराळी कंपनी काढण्याची रीत पडली आहे. कंपनी काम लवकर करते हे खरे, पण तिच्या सभेस नागरिक बसू शकत नाही आणि तिच्या कागदास नगरसेवक हात लावू शकत नाही. तीन वर्षांहून अधिक काळ लोकनियुक्त सभागृहाविना राहिलेल्या शहराने आपला सर्वांत मोठा निर्णय पुन्हा सभागृहाबाहेर सोपवावा हे आम्हांस पसंत नाही. आराखडा होईल तो मराठीत, हिंदीत, उर्दूत आणि पंजाबीत छापून गुरुद्वाऱ्याच्या आवारात, इतवाऱ्यात, वजिराबादेत व खडकपुऱ्यात लावावा. गुरुद्वारा बोर्डाचे, पाटबंधारे खात्याचे, विष्णुपुरी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयातील जाणकारांचे आणि काठावरील वस्त्यांचे म्हणणे उघड सभेत ऐकावे. आणि त्या सभेत पहिला कागद ठेवावा तो २०२५ च्या पुराचे पाणी कोणत्या गल्लीत कोठवर आले होते याचा.

हा कागद तयार करण्यास परदेशी सल्लागाराची गरज नाही. ज्यांच्या घरात पाणी आले त्यांना ते कितव्या पायरीपर्यंत आले हे तोंडपाठ आहे. महानगरपालिकेने मृग लागण्यापूर्वी एवढे करावे की, त्या प्रत्येक ठिकाणी, आणि पाटबंधारे खात्याच्या निळ्या व तांबड्या रेषा जेथून जातात तेथेही, रंगविलेले दगड रोवावेत. नंदगिरी किल्ल्यापासून वसरणीपर्यंत, दोन्ही तीरांवर. प्रत्येकावर साल घालावे. पुढचा जो कोणी आराखडा घेऊन येईल त्याला सभागृहाने प्रथम त्या दगडांवरून चालत न्यावे.